टाळेबंदीच्या हुकमात भाकरीचे कलम असावे

माननीय जिल्हाधिकारी, नांदेड, आणि माननीय जिल्हाधिकारी, लातूर, यांस,



कोरोनाची महामारी ओसरून आता काही वर्षे लोटली. त्या काळात आपल्या आसनांवर जे अधिकारी होते ते बदलून गेले, आणि त्यांनी काढलेले हुकूम कचेऱ्यांच्या दप्तरांत बांधून पडले असतील. तरीही त्या हुकमांविषयी आज आपणा उभयतांस जाहीर पत्र लिहीत आहे, ते कोणाचे उणे काढण्यासाठी नाही. पुन्हा साथ येईल तेव्हा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून बाजार बंद करण्याचा व पुन्हा उघडण्याचा अधिकार आपल्या, किंवा आपल्यामागून येणाऱ्यांच्या, हाती असणार आहे. आणि मुंबईहून रात्री उशिरा आलेल्या सूचनेवरून उजाडण्यापूर्वी हुकूम तयार करण्याच्या घाईत ज्या गोष्टीस जागा मिळत नाही, ती गोष्ट शांततेच्या काळात आपल्यापुढे मांडावी, एवढाच माझा हेतू आहे.

ती गोष्ट अशी की, ज्या कागदावर बाजार बंद करण्याचा हुकूम लिहिला जातो, त्याच कागदावर आणि त्याच सहीखाली, त्या बंदीमुळे ज्यांची चूल थंडावणार आहे त्यांच्या उदरनिर्वाहाची तजवीजही लिहिलेली असली पाहिजे, आणि ती नसेल तर तो हुकूम अपुरा समजला गेला पाहिजे.

मी टाळेबंदीचा विरोधक नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. २२ एप्रिल २०२० रोजी नांदेड शहरात पीरबुऱ्हाणनगर भागात पहिला रुग्ण आढळला, तोवर हा जिल्हा सुरक्षित आहे अशा समजुतीत आम्ही होतो. लातूर जिल्ह्यात तर त्याआधीच, एप्रिलच्या आरंभी, निलंग्यात थांबलेले आंध्रातील आठ प्रवासी बाधित निघाले होते. पुढे मार्च २०२१ अखेर केंद्र सरकारने देशातील सर्वाधिक सक्रिय रुग्णांचे जे दहा जिल्हे जाहीर केले, त्यांत पुणे, मुंबई, नागपूर, बंगळूरु, दिल्ली या महानगरांच्या पंक्तीला आमचे नांदेड जाऊन बसले. त्या दिवसांत विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयाच्या आवारात ज्यांनी एका खाटेसाठी रात्र काढली, त्यांच्यापुढे ‘बाजार उघडा ठेवा’ असे म्हणण्याची माझी छाती नाही. शिवाय, आजार आणि दारिद्र्य ही दोन पारड्यांतील दोन निरनिराळी वजने आहेत, असे जे त्या काळी सर्रास बोलले जात होते, तेही मला मान्य नाही. कारण खाजगी दवाखान्याचे देणे फेडण्यासाठी ज्या कुटुंबाने एकरभर जमीन गहाण टाकली, त्याला रोगाने जितके दरिद्री केले तितके कोणत्याही टाळेबंदीने केले नसते. २५ मार्च ते ४ एप्रिल २०२१ या मुदतीत नांदेड जिल्ह्यात जी टाळेबंदी पुकारली गेली ती योग्यच होती, असे माझे आजही मत आहे. माझी तक्रार तिच्या किमतीच्या वाटणीविषयी आहे.

आता ज्या दस्तऐवजाने बाजार पुन्हा उघडले त्याकडे वळतो. ३ जून २०२१ रोजी एका मंत्रिमहोदयांनी अठरा जिल्हे पूर्णतः खुले होत असल्याचे जाहीर केले, त्या यादीत नांदेड आणि लातूर ही दोन्ही नावे होती, आणि त्याच संध्याकाळी शासनाने असा निर्णय अद्याप झालेला नसल्याचा खुलासा केला. अखेर ४ तारखेच्या मध्यरात्रीनंतर पाच स्तरांचा हुकूम निघाला आणि ७ जूनपासून अमलात आला. घोषणेचा हा गोंधळ सोडला तर तो हुकूम मला विचारपूर्वक केलेला वाटतो. तपासण्यांत बाधित निघणाऱ्यांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आणि प्राणवायूच्या खाटा पंचवीस टक्क्यांहून कमी व्यापलेल्या असतील तर पहिला स्तर. बाधितांचे प्रमाण वीस टक्क्यांवर किंवा खाटा पंचाहत्तर टक्क्यांवर गेल्या तर पाचवा. कोणत्या व्यापारी संघाचे वजन किती, पालकमंत्री कोण, कोणाची यात्रा जवळ आली आहे, या गोष्टींना त्या कोष्टकात जागा नव्हती. वर्षभर मर्जीने चाललेल्या कारभाराला त्याने मोजमाप दिले.

पण त्या कोष्टकात रकाने दोनच होते. बाधितांचे प्रमाण मोजले गेले, खाटा मोजल्या गेल्या. ज्या घरात आज दाणा नाही अशी घरे किती, किराणा दुकानदाराने उधारी बंद केलेली कुटुंबे किती, रोजंदारीच्या नाक्यावर सकाळी उभे राहून दहा वाजता रिकाम्या हाताने परतणारे किती, हे मोजणारा तिसरा रकाना कोणी आखला नाही. जे मोजले जात नाही ते कारभाराच्या दृष्टीस पडत नाही, आणि जे दृष्टीस पडत नाही त्यासाठी तरतूद होत नाही.

दुसऱ्या रकान्यातही एक अन्याय दडलेला होता, तो आपल्यासारख्या मागास विभागातील अधिकाऱ्यांनी वर कळवावयास हवा. प्राणवायूच्या शंभर खाटा असलेल्या जिल्ह्यात चाळीस रुग्ण आले की चाळीस टक्के खाटा व्यापल्या; तेच चाळीस रुग्ण चारशे खाटांच्या जिल्ह्यात आले तर दहाच टक्के. म्हणजे रोग समान असताना ज्या जिल्ह्यात शासनाने दवाखाने कमी बांधले, तेथील बाजार आधी बंद होणार आणि उशिरा उघडणार. खाटा कमी असणे हा शासनाचा दोष, आणि त्याचा दंड मात्र धान्याच्या मोंढ्यातील हमालाने आपल्या रोजीतून भरावयाचा! ही कमतरता साथीबरोबर संपली, असेही कोणी समजू नये. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी विष्णुपुरीच्याच रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात अर्भके होती. नांदेडखेरीज हिंगोली, परभणी आणि थेट तेलंगणातून आलेल्या रुग्णांचा भार त्या एकाच संस्थेवर आहे. आज तेथे वाढविलेली प्रत्येक खाट म्हणजे पुढील साथीत बाजाराला अधिक काळ उघडे राहण्याची मिळालेली मुभा आहे, हे व्यापाऱ्यांच्या चेंबरमधील मंडळींनीही ध्यानात घ्यावे, आणि दुकाने उघडण्याच्या मागणीसाठी जितकी निवेदने त्यांनी दिली, तितकी नाही तरी निम्मी रुग्णालयाच्या मागणीसाठी द्यावीत.

तिसऱ्या रकान्यात कोण आले असते, हे एका उदाहरणाने सांगतो. लातुरात ज्याला सगळे ‘ट्यूशन एरिया’ म्हणतात, त्या भागात खेड्यापाड्यांतून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी आलेली हजारो मुले खोल्या करून राहतात, आणि त्यांच्या आधाराने खोलीमालक, झेरॉक्सवाले, चहावाले, रिक्षावाले आणि डबे पुरविणाऱ्या बायका यांचे एक स्वतंत्र अर्थकारण चालते. ‘लातूर पॅटर्न’चा गौरव करणाऱ्यांना या शेवटच्या वर्गाची आठवण क्वचितच होते. अशाच एका बाईचे घर मला माहीत आहे. दुकानाची पाटी नाही, परवाना नाही. पुढच्या खोलीत दोन शेगड्या, एक मोठी काटवट, आणि भिंतीशी रचलेले स्टीलचे डबे, ज्यांच्या झाकणांवर मुलांची नावे लाल नेलपॉलिशने लिहिलेली. महिन्याचे पैसे आगाऊ घ्यावयाचे, त्यांतून सिलिंडर, पीठ आणि तेल भरावयाचे, आणि जे उरेल त्यात स्वतःच्या दोन लेकरांसह महिना काढावयाचा, असा तिचा हिशेब होता. मार्च २०२० मध्ये मुले अंथरुणे गुंडाळून गावी गेली, तेव्हा नावे घातलेले ते डबे तिच्याकडेच राहिले.

तिच्या बाबतीत विशेष ध्यानात घेण्याजोगी बाब ही की, बाजार उघडल्यावरही तिचा धंदा उघडला नाही. दुकानांचे टाळे निघाले तरी वर्ग मोबाइलवरच भरत राहिले, मुले गावीच राहिली, आणि हुकमाने तिचा धंदा जितके दिवस बंद ठेवला त्याहून अधिक दिवस तो हुकमावाचूनच बंद राहिला. पुन्हा उघडणे म्हणजे टाळे काढणे, अशी जी आपली कल्पना आहे ती मोंढ्याला आणि कापडपेठेला लागू पडते. ज्यांचे गिऱ्हाईकच परगावचे, त्यांना ती लागू पडत नाही. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वारा परिसरातील दुकानदारांची हीच कथा आहे. कडी, कृपाणी, फेट्याचे कापड आणि रुमाले विकणारी ती दुकाने, यात्रेकरूंची लॉज आणि रेल्वे स्थानकाबाहेरील ऑटो, हे सारे पंजाबहून येणाऱ्या गाड्यांवर जगणारे. मार्च २०२० च्या देशव्यापी टाळेबंदीने सुमारे चार हजार यात्रेकरू हुजूर साहिबला अडकून पडले, त्यांना गुरुद्वाऱ्याच्या लंगराने महिनाभर सांभाळले, एप्रिलअखेरीस ते बसगाड्यांनी पंजाबात परतले, आणि तेथे त्यांच्यापैकी शेकडो बाधित निघाल्यावर संसर्ग कोठे झाला याविषयी दोन राज्यांत वाद झाला. त्या वादाची दखल देशभरच्या वृत्तपत्रांनी घेतली. त्यानंतर यात्रेकरू येईनासे झाल्यावर त्या गल्ल्यांत काय झाले, त्याची दखल घेण्यास कोणी फिरकले नाही.

उघडण्याच्या वेळांचेही असेच. डेल्टा प्लस या विषाणूप्रकाराच्या भीतीने २५ जून २०२१ रोजी, आकडे कितीही चांगले असोत, सर्व जिल्ह्यांना किमान तिसरा स्तर लावण्यात आला, आणि दुकानांची वेळ दुपारी चारपर्यंत ठरली. कचेरीत बसून पाहणाऱ्यास हे ‘अंशतः खुले’ वाटते. परंतु ज्या हातगाडीवर भजी तळण्यास सायंकाळी पाचला आरंभ होतो, तिच्यासाठी चारपर्यंतची मुभा आणि संपूर्ण बंदी यांत तिळमात्र अंतर नाही. त्यातही एक विपर्यास असा की, हवा खेळती असलेल्या उघड्या रस्त्यावरची गाडी बंद आणि बंदिस्त दुकानातील गर्दी चारपर्यंत चालू, अशी स्थिती त्या नियमाने निर्माण झाली. इकडे नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरील देगलूर-धर्माबादच्या व्यापाऱ्यांना तर काही किलोमीटरवर सीमेपलीकडे दुकाने रात्रीपर्यंत उघडी दिसत होती, कारण तेलंगणाने आपली टाळेबंदी २० जूनपासून पुरती उठविली होती. दोन्ही बाजूंच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून सीमेवरील तालुक्यांपुरता एक नियम ठरविला असता तर रोगास अधिक आळा बसला असता आणि व्यापाऱ्यांचा रोषही टळला असता.

शासनाने काहीच दिले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. १३ एप्रिल २०२१ रोजी नव्या निर्बंधांबरोबर ५,४७६ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. शिवभोजन थाळी विनामूल्य झाली. अन्नसुरक्षेच्या यादीतील सात कोटी लोकांना माणशी तीन किलो गहू व दोन किलो तांदूळ मोफत मिळाले. नोंदणीकृत बांधकाम मजूर, नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक आणि घरकामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये देण्याचे ठरले. निर्बंध आणि मदत एकाच भाषणात आली, ही त्यातील सर्वांत चांगली गोष्ट होती, आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. पण हिशेब करून पाहू. रोजगार हमीची त्या वर्षीची मजुरी दिवसाला २४८ रुपये होती. म्हणजे १,५०० रुपये ही सहा दिवसांची मजुरी झाली, आणि १४ एप्रिलच्या रात्री सुरू झालेली बंदी १ जूनच्या सकाळपर्यंत, सत्तेचाळीस दिवस चालली. त्याहून गंभीर गोष्ट ‘नोंदणीकृत’ या शब्दाची. डबेवाली बाई बांधकाम मजूर नाही, फेरीवाली नाही, रिक्षा चालवीत नाही, आणि दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करीत नसल्यामुळे घरकामगारही नाही. तिचे रेशनकार्ड केशरी, आणि तेही अन्नसुरक्षेच्या यादीबाहेरचे. उन्हाळ्याच्या लग्नसराईचे ओळीने दोन हंगाम बुडालेले बँडवाले, मंडपवाले आणि आचारी यांनाही त्या यादीत स्थान नव्हते. ज्याच्यापाशी कागद आहे त्याला मदत आणि ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला काहीच नाही, असा उलटा न्याय त्यातून झाला. आणि तो कोणाच्या दुष्टपणातून नव्हे, तर यादी आधी आणि माणूस मागून, या आपल्या कारभाराच्या रीतीतून झाला.

ही रीत अपरिहार्य नाही, हे याच महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध करून दाखविले आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील ज्या पिढीने खडी फोडली, मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाल्ली, तिच्यातील पुष्कळ माणसे आजही हयात आहेत. त्या दुष्काळात जी विस्तारली आणि पुढे १९७७ च्या कायद्याने जी हक्क बनली, ती वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना. तिचे मर्म असे होते की, तू कोणत्या धंद्याचा, तुझी नोंदणी कोठे, हे कोणी विचारीत नसे. जो काम मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, आणि काम देता आले नाही तर भत्ता. मागणे हीच पात्रता. तिच्यासाठी पैसा उभा करण्यास १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविला गेला, आणि ज्यांना दरमहा निश्चित वेतन मिळते त्यांच्याकडून दुष्काळात ज्यांचे हात रिकामे झाले त्यांच्यासाठी तो वसूल होऊ लागला. वर्षाला २,५०० रुपयांपर्यंतचा तो कर आजही पगारदारांच्या वेतनातून कापला जातो. टाळेबंदीच्या काळात आम्हा पगारदारांचे आणि निवृत्तिवेतनधारकांचे पैसे मुख्यतः वेळेवर खात्यात जमा होत होते. घरात बसून राहण्याचा उपदेश आम्हीच अधिक आवेशाने करीत होतो. त्या उपदेशाची किंमत म्हणून साथीच्या वर्षांपुरता हा कर दुप्पट झाला असता तरी तक्रार करण्याचा नैतिक अधिकार आम्हांस नव्हता.

साथीत कामावर माणसे जमवता येत नाहीत, हे उघड आहे. पण मागेल त्याला पंधरा दिवसांत भत्ता, हे तत्त्व साथीसही तंतोतंत लागू करता येते. कायद्याचा अडसरही मला दिसत नाही. १८९७ चा साथरोग कायदा, जो मराठवाडा निजामाच्या अमलाखाली असताना ब्रिटिश मुलखात प्लेगसाठी केला गेला, तो चार-पाच कलमांचा. त्यात मनाई आहे आणि शिक्षा आहे, पोटाची चिंता नाही. परंतु आपण ज्या कायद्याखाली प्राधिकरणाचे अध्यक्ष आहात, त्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या १२ व्या कलमात किमान मदतीची मानके ठरविताना मृत्यूबद्दलच्या सानुग्रह साहाय्याबरोबरच उपजीविकेच्या साधनांच्या पुनःस्थापनेसाठी द्यावयाच्या साहाय्याचाही उल्लेख आहे. याच कलमाच्या आधारे ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या वारसांना साहाय्य देणे बंधनकारक असल्याचा निर्णय दिला आणि पुढे प्रत्येकी ५०,००० रुपये ठरले. मृत्यूविषयीचा अर्धा भाग न्यायालयाने जिवंत केला. जिवंत माणसांविषयीचा अर्धा भाग अजून कोणी अमलात आणलेला नाही.

असा भत्ता मागण्यास खोटे लोक पुढे येतील, अशी शंका आपले कनिष्ठ अधिकारी घेतील. काही येतीलही. तलाठी, ग्रामसेवक, प्रभागातील कर्मचारी आणि आशाताई यांना आपल्या वस्तीतील बहुतेक घरे माहीत असतात, आणि दिवसाच्या मजुरीएवढ्या रकमेसाठी खोटे बोलणारा सहसा फार श्रीमंत नसतो. दहा खोट्यांना मिळू नये म्हणून शंभर खऱ्यांना वंचित ठेवणे, हा हिशेब मला तरी पटत नाही.

मनाई आणि तजवीज बरोबर चालू शकतात, याचा दाखला लातूरच्याच इतिहासात आहे. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून तेथे जमावबंदी लागू करावी लागली; आणि एप्रिलमध्ये सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून रेल्वेने पाणी आले. गर्दी करू नका, एवढेच सांगून शासन थांबले असते तर तो हुकूम कोणी किती दिवस पाळला असता? पाणी येऊ लागले म्हणून हुकमाला अर्थ आला.

तेव्हा आपणा उभयतांस माझी विनंती अशी की, जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्याचे पुनरावलोकन दरवर्षी होतेच, त्या वेळी साथरोगाच्या प्रकरणात उपजीविकेचा तिसरा रकाना आखून ठेवावा. टाळेबंदीच्या हुकमाचा जो मसुदा तयार ठेवाल त्यातच, बंदी सात दिवसांहून अधिक चालल्यास रोजगार हमीच्या दराने, नोंदणीची अट न घालता, मागेल त्या कुटुंबास भत्ता देण्याचे कलम घालावे आणि त्यासाठी लागणाऱ्या निधीची दरखास्त आजच शासनाकडे पाठवावी. आणि बाजाराच्या वेळा ठरविण्यापूर्वी मोंढ्यातील हमालांच्या, हातगाडीवाल्यांच्या आणि डबे करणाऱ्या बायकांच्या प्रतिनिधींना, व्यापारी संघाच्या पदाधिकाऱ्यांइतक्याच सन्मानाने, आपल्या दालनात बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. या पत्राचे उत्तर मला नको आहे. पुढील आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा त्यात ते कलम आहे की नाही, हे मी आणि माझ्यासारखे इतर नागरिक पाहणार आहोत.

आपला नम्र,
मोंढ्याजवळ राहणारा एक निवृत्त शिक्षक,
नांदेड